इंजिन बांधायचं, बदलायचं की तसंच चालवायचं?

या वेळी पत्रं इंजिनाच्या कामाचीच इतकी आली की ब्रेक आणि सस्पेन्शनचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकले आहेत. उत्तरांतले खर्चाचे आकडे तालुक्याच्या गावातल्या मजुरीचा अंदाज धरून दिले आहेत. पुण्या-मुंबईत ते थोडे चढे धरा. मापं मात्र सगळीकडे सारखीच.

प्रश्न : आमची २०१० ची अल्टो एक लाख तीस हजार किलोमीटर चालली आहे. निळा धूर मारते आणि सहाशे-सातशे किमीला लिटरभर ऑइल खाते. मेकॅनिक म्हणतात, "फुल इंजिन करा, पस्तीस हजार लागतील." आमची ताकद वीसच्या वर नाही. गाडी महिन्याला चारशे-पाचशे किमी चालते.
— वाचक, बार्शी

उत्तर : धूर येतो एवढ्यावरून फुल इंजिन, म्हणजे सगळं उघडून नव्याने बांधणं, ठरत नाही. तो कधी येतो ते आधी बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केल्यावर निळा लोट निघतो आणि मिनिटभरात थांबतो, किंवा उतारावर पाय काढून गाडी सोडली आणि खाली आल्यावर पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की ढग उठतो, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली उतरू न देणारं रबर). चढावर, लोड घेताना सतत धूर येत असेल तर संशय रिंगांवर (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोअरवर (सिलेंडरचं भोक, ज्यात पिस्टन खालीवर होतो).

त्याच्याही आधी एक फुकटातलं काम. हेड कव्हरवरून इनटेककडे जाणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप काढून बघा. तो काजळीने बंद झाला की क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पोटातला) दाब ऑइलला मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलतो; काही सायलेन्सरमधून जातं, काही सीलमधून गळतं. व्हॉल्व्ह हलवल्यावर आत खडखड वाजला पाहिजे. नाही वाजला तर बदला, शे-दोनशेचं काम आहे. गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा, म्हणजे खाल्लेलं ऑइल किती आणि गळलेलं किती हेही कळेल.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते प्लगच्या भोकात गेज लावून मोजणं. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलचे आणि इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवायचा आणि प्रत्येक सिलेंडरवर पाच-सहा फेरे स्टार्टर मारायचा. पुष्कळ ठिकाणी ॲक्सिलरेटर दाबतच नाहीत. मग हवा आत जात नाही, रीडिंग कमी येतं आणि धडधाकट इंजिन खोललं जातं. तिन्ही रीडिंग कागदावर लिहा. आकडा किती यापेक्षा तिघांत फरक किती हे जास्त महत्त्वाचं. पंधरा पीएसआयच्या आत फरक असेल आणि तिन्ही आकडे दीडशेच्या वर असतील तर खालचं इंजिन अजून जिवंत आहे.

ज्या सिलेंडरचं रीडिंग कमी आलं त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. रीडिंग चांगलं वर चढलं तर रिंगा गेल्या. जागचं हललं नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दोन शेजारच्या सिलेंडरांचं रीडिंग एकदमच पडलेलं असेल तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलेलं असतं.

तुमच्या बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात सील बदलायला हेड (सिलेंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवावंच लागतं असं नाही. त्या त्या सिलेंडरचा पिस्टन वर आणायच्या आधी प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, मग क्रँक हाताने फिरवून पिस्टन दोरीवर टेकवायचा. व्हॉल्व्ह खाली पडत नाही आणि स्प्रिंग दाबून सील बदलता येतं. दोरीचं टोक बाहेर राहील एवढं बघा. चार-पाच हजारांत हे काम होतं.

रिंगाच गेल्या असतील तर हिशोब मांडा. महिन्याला पाचशे किमी, म्हणजे वर्षाला नऊ-दहा लिटर ऑइल, साधारण चार हजार रुपये. पस्तीस हजारांचं काम या हिशोबाने आठ-नऊ वर्षांनी फिटतं. म्हणून दर आठवड्याला डिपस्टिक बघून ऑइल भरत राहणं हाही एक खरा पर्याय आहे. मेकॅनिक तो सुचवत नाहीत, कारण त्यात त्यांना काम नाही. अडचणी तीन: प्लग लवकर काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) हळूहळू बसतो, आणि पीयूसीला कधीतरी अडकाल. चौथी अडचण माणसाची. दोन महिने डिपस्टिक बघायची विसरलात तर बेअरिंग जातील, आणि मग पस्तीसातही भागणार नाही.

प्रश्न : मी दुचाकीची कामं करतो. घरची १९९८ ची कार्ब्युरेटरची मारुती ८०० स्वतः बांधायची आहे. इंजिन उतरवलं आहे. लेथवाला म्हणतो, "नुसत्या रिंगा टाका, चालेल." काय काय मोजायचं, कशावर खर्च करायचा आणि कुठे वाचवायचा?
— वाचक, संगमनेर

उत्तर : नुसत्या रिंगा चालतील की नाही हे बोअर सांगतो. तुमच्या इंजिनाचा मूळ बोअर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२. बोअर गेज लावून प्रत्येक सिलेंडर वर, मध्ये आणि खाली असा तीन जागी मोजा, आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी: क्रँकच्या रेषेत एकदा, आडवा एकदा. म्हणजे सिलेंडरला सहा मापं, एकूण अठरा. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या जागी, आडव्या दिशेने मिळेल. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर होन मारून (बारीक दगडाने बोअर घासून) नव्या रिंगा टाकायला हरकत नाही. ०.१० च्या पुढे गेला असेल तर बोअर करणं आलंच. अंडाकृती सिलेंडरमध्ये गोल रिंग टाकली तर ती कधी बसतच नाही. गाडी पहिल्या दिवसापासून ऑइल खाते आणि दोष रिंगेच्या कंपनीला जातो.

वरच्या काठाला नखाला लागेल अशी कड असेल तर ती आधी काढून घ्या. तशीच ठेवून पिस्टन वर ठोकला तर रिंगेची पट्टी तुटते. नवी वरची रिंग त्या कडेवर आपटून मोडते ती वेगळीच.

बोअर करायचा झाला तर क्रम असा: आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही लेथवाल्याकडे द्या. "०.२५ चा बोअर मारून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" असं कधी करू नका. पिस्टन हातात घेऊन, मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजून, त्यावरून बोअर ठरतो. पिस्टन आणि सिलेंडरमध्ये साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी जागा राहायला हवी. नेमका आकडा पिस्टनच्या खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. जास्त ठेवली तर थंडीत पिस्टन टकटक वाजतो, कमी ठेवली तर पहिल्याच घाटात पिस्टन धरतो. बोरिंगचं टूल शेवटपर्यंत न नेता शेवटचे तीन-चार शतांश होनिंगला सोडायचे, आणि होनच्या रेषा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या दिसल्या पाहिजेत. चकचकीत आरसा केलेला बोअर दिसायला छान, पण त्यावर ऑइल थांबत नाही. प्रत्येक पिस्टनवर त्याच्या सिलेंडरचा नंबर टाकून घ्या. याआधी ०.५० झालेलं असेल तर पुढे लायनर मारून मूळ मापावर यावं लागतं. म्हणून जुन्या पिस्टनच्या डोक्यावर २५ किंवा ५० कोरलेलं आहे का, ते लेथवर जायच्या आधीच बघा.

क्रँकच्या प्रत्येक जर्नलवर (बेअरिंग जिथे बसतं ती गोल जागा) मायक्रोमीटर दोन दिशांनी लावा. गोलाईत ०.०१ मिमीच्या आतला फरक आणि ओरखडा नसेल तर नुसतं पॉलिश पुरतं, बेअरिंग स्टँडर्ड मापाची. नखाला लागणारी रेघ असेल तर ०.२५ अंडरसाइज ग्राइंडिंग आणि त्याच मापाची बेअरिंग. ग्राइंडिंगवाल्याला एवढंच बजावा की जर्नलच्या कोपऱ्यातली मूळ गोलाई राखायची. तिथे काटकोन सोडला की क्रँक नेमकी तिथूनच तुटते, आणि तेही काम झाल्यावर काही महिन्यांनी, म्हणजे कुणावर बोट ठेवायची सोय राहत नाही. ग्राइंडिंगनंतर ऑइलच्या भोकांतून तार आणि हवा दोन्ही मारा.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम: धुणं. होनिंगनंतर बोअरमध्ये दगडाची बारीक भुकटी रेषांमध्ये रुतून बसते. पेट्रोल किंवा डिझेलने पुसली तर ती आणखी आत जाते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ताठ ब्रश घेऊन ब्लॉक घासा. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच हवेने वाळवून ऑइलचा हात फिरवा, नाहीतर अर्ध्या तासात तांबूस गंज दिसेल. नव्या रिंगा हजार किमीत झिजल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या न केलेल्या धुण्यात असतं.

जुळवणीत लक्ष द्यायच्या जागा. रिंग बोअरमध्ये टाकून उलट्या पिस्टनने साधारण इंचभर खाली सरळ ढकला आणि फटीत फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) घाला. या मापाच्या बोअरला वरच्या रिंगेची फट साधारण ०.२० ते ०.३५ मिमी असावी. फट नसेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर फाडते. तेव्हा टोक बारीक कानशीने घासून फट करा. रिंगेवर अक्षर किंवा खूण असलेली बाजू वर. तोंडं एका रेषेत ठेवू नका, एकमेकांपासून लांब फिरवा. पिस्टनवरचा बाण पुलीच्या बाजूला. कनेक्टिंग रॉडची कॅप ज्याची त्यालाच आणि त्याच बाजूने.

बेअरिंगची जागा तपासायला प्लास्टिगेजचा धागा मिळतो. जर्नलवर ठेवून कॅप टॉर्कने कसा, उघडा, चपटा झालेला धागा पट्टीशी जुळवा. ०.०२ ते ०.०५ मिमी ठीक. धागा असेपर्यंत क्रँक फिरवायची नाही.

हेडचे बोल्ट कसण्याआधी ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं ऑइल-पाणी हवेने उडवून द्या. आत साचलेलं ऑइल दाबलं जात नाही. बोल्ट टॉर्क दाखवतो पण हेड दबलेलंच नसतं, आणि कधी ब्लॉकलाच चीर जाते. हेड गॅस्केट कोरडंच बसवायचं, शेलॅक-बिलॅक काही लावायचं नाही. मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत कसायचं. टॉर्क पाना नसेल तर दोन दिवस भाड्याने किंवा ओळखीवर आणा. दुचाकीवर हाताच्या अंदाजाने भागून जातं, इथे भागत नाही. टायमिंग बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघा. मध्ये कुठे अडली तर जोर लावू नका, खुणा चुकल्या आहेत.

पैसे कुठे घालायचे: पिस्टन-रिंग सेट, बेअरिंग, पूर्ण गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, पुढचं-मागचं क्रँक सील, आणि लेथ. यात डुप्लिकेट माल घेऊ नका. उषा, गोएट्झे यांसारख्या नावांची खोकीसुद्धा नकली निघतात, म्हणून पक्क्या बिलावर घ्या. वाचवायचं कुठे: व्हॉल्व्ह फेसिंग करून आणि लॅपिंग पेस्टने बसवून पुन्हा वापरता येतात. रॉड, कॅम, ऑइल पंप मापात असतील तर तसेच. कार्ब्युरेटर धुऊन नवी किट. सगळं मिळून सोळा ते वीस हजारांत, तुमची मजुरी न धरता, हे इंजिन उभं राहायला हवं; त्यातले पाच-सहा हजार लेथचे.

पहिल्यांदा चालू करताना प्लग बाहेर ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा. मग प्लग लावा. चालू झाल्यावर आयडलवर तासभर गुरगुरत ठेवायची आपल्याकडची पद्धत चुकीची आहे. रिंगा दाबाखाली बसतात, आयडलवर दाब नसतो. गळती तपासून झाली की रस्त्यावर न्या. वेग बदलता ठेवा, अर्ध्या ताकदीने ओढा, पाय सोडा, पुन्हा ओढा. एकाच वेगाने हायवेवर तासभर नको आणि टॉप गिअरमध्ये रडवायची नको. साधं मिनरल २०डब्ल्यू-४० ऑइल भरा, सिंथेटिक नको, आणि पाचशे किमीला ऑइल-फिल्टर दोन्ही बदला. त्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसेल ती स्वाभाविक. बोटाला टोचतील असे कण दिसले तर थांबा आणि सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) उतरवा.

प्रश्न : ऑइलचा लाल दिवा लागला होता, तरी गाडी दहा-बारा किमी घरी आणली. आता खालून ठकठक आवाज येतो, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो. जाड ऑइल टाकून चालेल का?
— वाचक, जत

उत्तर : नाही. आणि आता चालू करून आवाज ऐकवत बसू नका. प्रत्येक मिनिटाला क्रँक कातरली जातेय. आवाज कुठल्या सिलेंडरचा हे बघायचंच असेल तर सेकंदभर एकेका प्लगचा स्पार्क बंद करा. ज्याचा बंद केल्यावर ठोका मंदावतो, त्या रॉडचं बेअरिंग गेलं.

सुदैव असेल तर इंजिन न उतरवता, सम्प उतरवून एक रॉड कॅप काढून बघता येतं. जर्नल गुळगुळीत असेल तर फक्त बेअरिंग बदलून गाडी वाचू शकते, हजार-दोन हजारांत. जर्नलवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा थर चिकटला असेल, किंवा बेअरिंग रॉडमध्ये गोल फिरलं असेल, तर क्रँक ग्राइंडिंग आणि तो रॉड बदलणं आलं.

दिवा का लागला हे न शोधता बेअरिंग टाकली तर तीही जातील. ऑइल कमी होतं का? नसेल तर सम्पमधली जाळी बघा. मागे कुणी सम्प चिकटवताना सिलिकॉन गॅस्केटचा जाड थर लावला असेल, तर त्याच्या रबरी गाठी सुटून जाळीवर बसतात. जाड थर बाहेरून नीटनेटका दिसतो. आतल्या बाजूला तेवढाच ओघळ सुटलेला असतो. पातळ, सलग रेघ पुरते.

प्रश्न : लातूरहून येताना गाडीचं पाणी संपलं, काटा लालवर गेला, गाडी बंद पडली. आता चालू होते पण पांढरा धूर येतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतं. आम्ही बोअरचंच पाणी भरतो. गॅस्केट बदलून भागेल का? मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्लाही दिला आहे.
— वाचक, औसा

उत्तर : गॅस्केट तर बदलावं लागेलच. पण गॅस्केट जळालं ते इंजिन तापल्यामुळे, आणि इंजिन का तापलं याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. बोअरच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या पोकळ्यांत चहाच्या भांड्याच्या तळासारखा बसतो. वरून पाणी भरलेलं दिसतं, आतून फिरत नाही.

पूर्ण थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढा आणि चालू करा. सतत बुडबुडे येत राहिले तर जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. डिपस्टिक बघा, ऑइल दुधट झालं असेल तर गाडी अजिबात चालवू नका, पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला एका दिवसात खातं.

हेड उतरवल्यावर सरळ पट्टी ठेवून उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी फीलर गेजने तपासा. ०.०५ मिमीचं पान शिरत असेल तर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग कापून सपाट करणं. फेसिंग लागेल तेवढंच, "एक हात मारून द्या" म्हणून नाही. पेट्रोलमध्ये जास्त उतरवलं तर कॉम्प्रेशन वाढून गाडी नॉकिंग करते. डिझेल असेल तर पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून गॅस्केटची जाडी निवडतात; ती न बघता मिळेल ते बसवलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतात. फेसिंगच्या आधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये चीर असेल तर फेसिंगचे पैसे वाया. काटा लालवर जाऊन इंजिन बंद पडलेलं असेल तर ॲल्युमिनियमचं हेड नरमही पडतं. अशा हेडवर पुन्हा बोल्ट कसले तर ते वाकतं. त्यापेक्षा चांगलं जुनं हेड मिळालं तर ते घ्या. ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही त्याच पट्टीने तपासा, तो लोक विसरतात.

थर्मोस्टॅट काढू नका. तो काढला की इंजिन कधी नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, बोअरची झीज वाढते, आणि हायवेवर पाणी इतक्या वेगाने फिरतं की मूळ दोष झाकला जातो. थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून बघा: उकळायच्या जरा आधी उघडला पाहिजे. अडकला असेल तर नवा टाका, चार-पाचशेचा असतो. फॅन स्विच, फॅनचा रिले, वॉटर पंपाची पाती आणि रेडिएटर कॅपचं रबर, हे चारही बघून घ्या. रेडिएटर उलट्या दिशेने पाण्याने धुऊन, लागलं तर रॉडिंग करून घ्या. गळती थांबवायला हळद टाकणारे अजून आहेत. ती हळद गळतीपेक्षा हीटरच्या बारीक नळ्या आधी बंद करते.

पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. भरताना हवा काढा: हीटर पूर्ण गरमवर, इंजिन आयडलवर, फॅन दोनदा लागेपर्यंत वर वर भरत राहा.

प्रश्न : आमच्या डिझेल स्विफ्टचं इंजिन सीझ झालं. बांधायला नव्वद हजार सांगतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनं इंजिन पन्नासच्या आसपास मिळतंय. घ्यावं का? गाडी गोवा पासिंग आहे.
— वाचक, फोंडा

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण आधी कागद, मग इंजिन.

इंजिन नंबर तुमच्या आरसीवर आहे, म्हणून बदलल्यावर तो आरसीत बदलून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांची तरतूद आहे. शहाणपणाची वाट ही की इंजिन उतरवायच्या आधी तुमच्या आरटीओत अर्ज देऊन कुठली कागदपत्रं लागतील ते लेखी विचारा. विक्रेत्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी भंगारात गेल्याचा किंवा विमा कंपनीने विकल्याचा कागद मागा. तो देत नसेल, किंवा नंबर घासलेला, नवा ठोकलेला दिसत असेल, तर भाव कितीही खाली आला तरी निघून या. चोरीच्या गाडीचं इंजिन गाडीसकट जप्त होतं. इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं आणि तुमच्या गाडीच्या भारत स्टेजचं (प्रदूषणाच्या निकषाचा टप्पा) हवं. नोंद झाल्यावर विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी नंबर जुळणार नाही.

इंजिन बघताना "चालू करून दाखवतो" एवढ्यावर भुलू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन चालू होणारच. हात लावून थंड आहे ना बघा, मग चालू करायला सांगा. ऑइलचं झाकण काढा: आत काळा चिकट गाळ साचला असेल किंवा झाकणातून धुराचा जोर येत असेल तर नको. डिपस्टिकचं ऑइल अगदी नवं, सोनेरी दिसलं तर ते नुकतंच भरलंय. सम्पचा बोल्ट काढून तळाचं बघू द्या म्हणा. टर्बोची हवा येणारी बाजू उघडून चाक बोटाने हलवा. आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घराला घासलेली असतील तर टर्बोचा खर्च वेगळा धरा. या १२४८ सीसीच्या इंजिनाला टायमिंग चेन असते, बेल्ट नाही. थंड चालू करताना पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद साखळीची खडखड आली तर चेन आणि टेन्शनर बदलायचेच, आणि ते इंजिन बाहेर असताना करायचं.

बसवताना तुमच्याच गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि वायरिंग ठेवा. चावीच्या इमोबिलायझरची ओळख त्याच्याशी असते. तुमचे इंजेक्टर चांगले असतील तर तेच वापरा. बाहेरचे वापरलेत तर प्रत्येकावरचा कोड ईसीयूत स्कॅनरने टाकावा लागतो का ते आधी विचारून घ्या. क्रँकचं मागचं सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि लागली तर क्लच प्लेट आत्ताच बदला. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी या सगळ्यांहून जास्त. जुनं इंजिन धातूचा चुरा सोडून सीझ झालं असेल तर इंटरकूलर आणि त्याचे पाइप धुतल्याशिवाय नव्या इंजिनाला जोडू नका.

वाहतूक, सील, ऑइल, कूलंट आणि मजुरी धरून पन्नासचं इंजिन पंचाहत्तरच्या घरात जातं. नव्वदमध्ये बांधून देणारा मापं लिहून, बिलासकट, वर्षाची हमी देत असेल तर फरक पंधराचाच उरतो. तेव्हा बांधलेलंच बरं, नंबरही तोच राहतो.

प्रश्न : इंजिन ऑइलमध्ये टाकायच्या "ट्रीटमेंट"ने धूर थांबतो का?
— वाचक, मालेगाव

उत्तर : काही आठवडे. ऑइल घट्ट होतं, धूर दबतो, गाडी विकायची असेल तर विकणाऱ्याची सोय होते. झिजलेलं लोखंड परत येत नाही. रिंगा काजळीने अडकलेल्या असतील तर मात्र चांगलं ऑइल दोनदा लवकर बदलल्याने थोडा फरक पडतो, आणि त्याला वेगळी बाटली लागत नाही.

प्रश्न : वॅगनआरला बाहेरून सीएनजी किट बसवली आहे. सकाळी चालू होत नाही, आयडलवर हलते, एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ शून्य. मेकॅनिक "इंजिन गेलं" म्हणतात.
— वाचक, पिंपरी

उत्तर : बाकी सिलेंडर ठीक असतील तर इंजिन गेलेलं नाही, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला आहे. सीएनजी कोरडी जळते, त्यामुळे सीट झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये आत जातो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी कमी होत संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. अशा गाडीचे टॅपेट शांत झाले की लोक खूश होतात. खरं तर खडखड करणारा टॅपेट निरुपद्रवी आणि गप्प झालेला धोक्याचा.

चमचाभर ऑइल टाकून कॉम्प्रेशन वाढत नसेल तर नक्की समजा. हेड उतरवून तो व्हॉल्व्ह नवा, सीट कापून किंवा गरज पडली तर नवी सीट मारून, सगळे व्हॉल्व्ह लॅप करून, नवी सील, नवं गॅस्केट. आठ ते दहा हजारांत होईल. व्हॉल्व्ह बसल्यावर हेड उलटं ठेवून चेंबरमध्ये रॉकेल ओता. दहा मिनिटांत पोर्टमधून झिरपलं नाही तर काम नीट झालं. ही चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा, लेथवाला नाही म्हणत नाही. पुढे दर दहा हजार किमीला टॅपेटची फट मोजून घ्या, आणि रोज सकाळी पहिले दोन-तीन किमी पेट्रोलवर चालवा.